तोटीच्या बादलीतला मृत साठा: कोंबुचाचा शेवटचा लिटर बाटलीत कसा आणावा

एप्रिल-मे महिन्यांत ठाणे आणि नवी मुंबईच्या वर्तमानपत्रांत भातसा, बारवी आणि मोरबे या धरणांचे आकडे येऊ लागले, की त्यांत ‘उपयुक्त साठा’ आणि ‘मृत साठा’ हे दोन शब्द हमखास असतात. पाणी सोडण्याच्या दाराच्या पातळीखाली जे पाणी उरते, ते आपल्या वजनाने बाहेर येऊ शकत नाही, म्हणून त्याला मृत साठा म्हणतात. घरी कोंबुचा, म्हणजे गोड चहा आंबवून केलेले आंबटसर पेय, तयार करून तो तोटीच्या बादलीतून बाटल्यांत भरणाऱ्याच्या ओट्यावरही नेमके हेच घडते. तोटीतून धार बारीक होत जाते, थेंब पडू लागतात, मग तेही थांबतात आणि बादलीच्या तळाशी दीड-दोन लिटर पेय तसेच राहते. सात-आठ दिवस सांभाळलेले हे पेय बहुतेक जण बादली हाताने कलती करून कसेबसे काढतात किंवा मोरीत ओतून देतात.

मी घोडबंदर रस्त्यावरच्या एका सदनिकेत राहतो आणि गेली काही वर्षे नियमितपणे वीस लिटरच्या बादलीत कोंबुचा करतो. या लेखात बाटल्या भरण्याच्या कामातला एवढाच एक भाग, म्हणजे शेवटचा लिटर बाहेर काढण्याचा भाग, सविस्तर मांडला आहे. तो वरवर किरकोळ वाटला, तरी त्याचा संबंध गाळाशी, साखरेच्या मिश्रणाशी आणि बाटलीतल्या दाबाशी येतो. म्हणून ‘बादली वाकडी करा’ एवढ्या एका सूचनेने तो सुटत नाही.

ही बादली मुळात घरगुती बिअर करणाऱ्यांची आहे. ब्रिटनमध्ये १९६३ साली घरी बिअर करण्यासाठी लागणारा परवाना रद्द झाला. अमेरिकेत ऑक्टोबर १९७८ मध्ये राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांच्या सहीने झालेल्या कायद्यामुळे घरापुरती बिअर करण्याला केंद्रीय पातळीवर मुभा मिळाली. त्या छंदातूनच तळाजवळ तोटी असलेली बाटल्या भरण्याची बादली रुळली. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी अधिनियमानुसार परवान्याशिवाय मद्य तयार करणे हा गुन्हा आहे, त्यामुळे येथे बिअरसाठी नव्हे, तर कोंबुचासारख्या पेयासाठी तिचा उपयोग करावा. ज्यांनी परदेशात राहून बिअर केली आहे, त्यांना पुढचे बरेचसे तंत्र ओळखीचे वाटेल, कारण तोटी, गाळ आणि सायफन (नळीने द्रव वर चढवून खाली उतरवण्याची रीत) यांचे नियम दोन्हीकडे सारखेच आहेत. जिथे फरक पडतो, तिथे तो सांगितला आहे.

सर्वांत आधी मोजमाप

आपल्या बादलीचा मृत साठा किती आहे, हे प्रथम मोजावे. बादली सपाट ओट्यावर ठेवावी, तीत अर्ध्यापर्यंत साधे पाणी भरावे, तोटी पूर्ण उघडावी आणि धार थांबेपर्यंत पाणी जाऊ द्यावे. मग आत राहिलेले पाणी मापाच्या भांड्यात ओतून मोजावे. माझ्या बादलीच्या तळाचा आतला व्यास २६ सेंटिमीटर आहे, म्हणजे तळाजवळच्या प्रत्येक सेंटिमीटर उंचीला सुमारे ५३० मिलिलिटर द्रव मावतो. तोटीच्या छिद्राची खालची कड तळापासून ३ सेंटिमीटरवर आहे. त्यामुळे सुमारे १.६ लिटर द्रव आत राहतो. मी एका वेळी १६ लिटर पेय भरतो, तेव्हा हा बरोबर दहावा हिस्सा झाला. अर्ध्या लिटरच्या तीन बाटल्या भरून थोडे उरेल, एवढे हे पेय आहे.

आता हीच चाचणी बादलीच्या मागच्या बाजूखाली, म्हणजे तोटीच्या बरोबर विरुद्ध बाजूखाली, ५ सेंटिमीटर उंचीची लाकडी फळी सारून पुन्हा करावी. त्या तिरपेपणात माझ्या बादलीत जेमतेम ४०० मिलिलिटर पाणी उरते. जुन्या घरी आई स्टीलच्या पिंपातले शेवटचे पाणी घेण्यासाठी पिंपाच्या मागे लाकडी पाट सरकवत असे, तीच ही युक्ती आहे, आणि खर्च शून्य असल्याने ती पहिली करून पाहावी. पण ती कोणत्या बादलीत वापरायची आणि कोणत्या बादलीत मुळीच वापरायची नाही, हे ठरवण्यासाठी आधी गाळाकडे पाहावे लागते.

तोटी वर का असते

धरणाचे दार अगदी तळाशी ठेवत नाहीत, याचे एक मोठे कारण म्हणजे नदीबरोबर येणारा गाळ. तो तळाशी साचावा आणि दारातून वरचे पाणी जावे, अशी ती रचना असते. आंबवण्याच्या बादलीतली तोटीही त्याच कारणासाठी वर असते. कोंबुचा आंबत असताना यीस्टचे तपकिरी, दोऱ्यांसारखे पुंजके खाली बसतात, चहाच्या पत्तीचे बारीक कण त्यांत मिसळतात आणि तळाशी साका तयार होतो. अशा बादलीत तोटीखालचा मृत साठा हा दोष नाही. ती गाळाची जागा आहे आणि तिला हात लावू नये.

बाटल्या भरण्याच्या बादलीची गोष्ट वेगळी आहे. तीत जे पेय येते, ते आधीच्या भांड्यातून वरचे निवळ तेवढे काढून आणलेले असते, त्यामुळे तिच्या तळाशी गाळ जवळपास नसतो. गाळच नसेल, तर गाळासाठी राखून ठेवलेली जागा निरुपयोगी ठरते आणि तिच्यातला शेवटचा थेंबही घेता येतो. घरगुती करणाऱ्यांचा घोळ होतो तो येथे. एकाच बादलीत आंबवायचे, त्याच बादलीत साखरेचा पाक घालायचा, त्याच तोटीने बाटल्या भरायच्या आणि शेवटी तीच बादली कलती करायची, असे केल्यास शेवटच्या तीन-चार बाटल्यांत साका उतरतो. मी सुरुवातीला असेच करत होतो. त्या बाटल्या गढूळ तर असतच, शिवाय त्यांच्यात यीस्ट आणि नीट न मिसळलेली साखर दोन्ही जास्त गेल्यामुळे त्यांपैकी एक उघडताना अर्धी बाटली फेसाबरोबर भिंतीवर गेली. तेव्हापासून मी दोन भांडी वापरतो. हा एकच बदल करायचा ठरवला, तरी लेखाचा निम्मा हेतू साध्य होईल. आंबवण्यासाठी एक भांडे, भरण्यासाठी दुसरी बादली. तळातला द्रव काढण्याचे सगळे उपाय फक्त दुसरीवर करावेत.

बादली, तोटी आणि आतली नळी

कोंबुचाचा पीएच साधारण २.५ ते ३.५ च्या दरम्यान असतो, म्हणजे तो चांगलाच आम्ल असतो. म्हणून बादली खाद्यपदार्थांसाठी योग्य अशा प्लास्टिकचीच असावी. तळाशी त्रिकोणात २ हा आकडा असेल तर ते एचडीपीई असते आणि ५ असेल तर पॉलिप्रॉपिलीन, परंतु केवळ हा आकडा पुरेसा नाही, कारण तो प्लास्टिकचा प्रकार सांगतो, ते अन्नासाठी बनवले आहे की नाही हे सांगत नाही. काटा आणि पेल्याचे चिन्ह किंवा अन्नाशी संपर्कात येणाऱ्या पॉलिथिनसाठीच्या आयएस १०१४६ या भारतीय मानकाचा उल्लेख पाहून घ्यावा. रंगाची रिकामी बादली कितीही घासली, तरी या कामाला घेऊ नये. तोटी प्लास्टिकची किंवा ३०४ दर्जाच्या स्टेनलेस स्टीलची घ्यावी. हार्डवेअरच्या दुकानांत दिसणाऱ्या चकचकीत तोट्या पुष्कळदा मुलामा दिलेल्या पितळेच्या असतात. आम्ल पेय पितळेतून तांबे आणि शिसे ओढून घेऊ शकते, म्हणून त्या टाळाव्यात.

बादलीला छिद्र स्वतः पाडणार असाल, तर ते शक्य तितके खाली घ्यावे, परंतु आतला नट आणि वॉशर बादलीच्या सरळ भिंतीवर सपाट बसतील एवढी उंची सोडावीच लागते. तळाजवळच्या गोलाईवर वॉशर आला, तर तेथून कायम ठिबक राहते. म्हणजे तोटी कितीही खाली बसवली, तरी दोन-तीन सेंटिमीटरांचा मृत साठा उरणारच. यासाठी तोटीच्या आतल्या तोंडाला खाली वळणारी एक आखूड नळी जोडावी लागते.

ही नळी खाद्यपदार्थांसाठीच्या सिलिकॉनची असावी. तोटीच्या आतल्या आट्यांवर ती घट्ट ताणून बसेल, अशा आतल्या व्यासाची घ्यावी आणि शक्य असल्यास स्टेनलेस स्टीलच्या क्लिपने आवळावी. तिची लांबी अशी ठेवावी, की वळून खाली गेल्यावर तिचे तोंड तळापासून ४ ते ५ मिलिमीटर वर राहील. तोंड सरळ न कापता तिरके कापावे, कारण सरळ कापलेले तोंड तळाला चिकटले की धार एकदम बंद पडते आणि आपण तोटीत काय अडकले ते शोधत बसतो. गुंडाळी करून विकलेल्या नळीला वळण्याची सवय लागलेली असते. तिचे तोंड वर उचलले जात असेल, तर ती तोटीवर फिरवून तिचे मूळ वळण खालच्या बाजूला येईल अशी बसवावी.

ही नळी काम कसे करते, ते समजून घेतले तर तिचे सगळे रुसवे ओळखता येतात. द्रवाची पातळी तोटीच्या खाली गेल्यावर द्रवाला आधी नळीतून वर चढून तोटीत यायचे आणि मग बाहेर खाली पडायचे असते. हा सायफन झाला. तो चालण्यासाठी दोन अटी आहेत. पहिली अट अशी, की द्रव जिथे बाहेर पडतो ते टोक आतल्या पातळीपेक्षा खाली असले पाहिजे. म्हणून तोटीला बाहेरून २५-३० सेंटिमीटर लांबीची भरण्याची नळी लटकवावी आणि बादली ओट्याच्या कडेला, बाटल्या खाली स्टुलावर, अशी मांडणी करावी. तोटीच्या चोचीखाली थेट बाटली धरून भरणाऱ्यांचा सायफन फार लवकर तुटतो, कारण चोच आणि तळ यांच्या उंचीत फारसा फरक नसतो. दुसरी अट म्हणजे वाटेत कुठेही हवा शिरता कामा नये. पातळी वर असेपर्यंत आतला जोड द्रवात बुडालेला असतो, त्यामुळे तो सैल असला तरी कळत नाही. पातळी जोडाखाली गेली की मात्र तो हवा ओढू लागतो, आणि नेमका शेवटचा लिटर अडतो. ‘नळी बसवली तरी उपयोग झाला नाही’ असे जे सांगतात, त्यांच्याकडे बहुधा हा जोडच सैल असतो. म्हणून नळी बसवल्यावर पाण्याची चाचणी पुन्हा घ्यावी. माझ्या बादलीत नळी आणि तिरपेपणा दोन्ही मिळून शेवटी अर्धा पेला पाणीसुद्धा उरत नाही.

बाहेरच्या नळीच्या टोकाला स्प्रिंगची भरण-कांडी लावता आली, तर फार चांगले. ती बाटलीच्या तळाला टेकवली की द्रव सुरू होतो आणि उचलली की थांबतो, तरी नळी भरलेलीच राहते, त्यामुळे दोन बाटल्यांमधल्या वेळात सायफन तुटत नाही. कांडी नसेल तर बाटली बदलताना तोटी बंद करावी आणि नळीचे टोक खालीच ठेवावे. टोक वर उचलले की आतला द्रव मागे सरकतो, हवा शिरते आणि शेवटच्या टप्प्यात तो सायफन पुन्हा सुरू होत नाही.

आदल्या रात्रीची तयारी

दुसऱ्या बादलीत गाळ येऊ नये, यासाठीचे काम आदल्या रात्रीच सुरू होते. आंबवण्याचे भांडे ज्या जागी उघडायचे, तिथेच ते रात्री ठेवावे आणि सकाळी हलवू नये. शक्य असल्यास त्याची एक बाजू दोन-तीन सेंटिमीटर उचलून ठेवावी, म्हणजे गाळ सखल बाजूला जमतो आणि उपसण्याची नळी उंच बाजूला, गाळापासून दूर, सोडता येते. फ्रिजमध्ये भांडे मावत असेल तर एक रात्र ते थंड ठेवल्याने यीस्ट लवकर खाली बसते. आपल्या इमारतींतल्या स्वयंपाकघरांत वीस लिटरचे भांडे फ्रिजमध्ये मावण्याची शक्यता कमीच असते. तसे नसेल तर निदान गॅसजवळून आणि उन्हाच्या खिडकीतून ते हलवावे.

सकाळी प्रथम वरची स्कोबी, म्हणजे पेयावर तरंगणारी जिवाणू आणि यीस्टची जाड साय, स्वच्छ हातांनी बाजूला काढावी आणि पुढच्या खेपेचे विरजण काढून ठेवावे. हे विरजण वरच्या थरातून घ्यावे, तळातून घेऊ नये. तळातला द्रव यीस्टने भरलेला असतो आणि त्याचे विरजण लावत राहिल्यास दर खेपेला यीस्ट वाढत जाते, आंबटपणा मात्र मागे पडतो. पुढच्या खेपेच्या १० ते १५ टक्के एवढे विरजण पुरते. मी दीड ते दोन लिटर घेतो.

बादली, तोटी, नळ्या आणि बाटल्या या वेळेपर्यंत धुऊन तयार असाव्यात. तोटी पूर्ण सुटी करून वॉशरच्या मागची बाजू पाहावी, तिथे बोटाला बुळबुळीत लागले तर ती धुतलेली नाही असे समजावे. प्लास्टिकच्या बादलीत उकळते पाणी ओतू नये, ती वाकते आणि वॉशरची जागा सैल होते. हाताला सोसवणार नाही इतपत गरम, साधारण ६० ते ७० अंशांचे पाणी घेऊन तोटीतूनही सोडावे.

पाक आणि मिश्रण

बाटलीत फसफस हवी असेल तर थोडी साखर घालावी लागते, आणि शेवटच्या लिटरचा खरा धोका या साखरेत असतो. एका लिटरमध्ये ४ ग्रॅम साखर पूर्ण आंबली की सुमारे २ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड होतो, म्हणजे साधारण द्रवाच्या आकारमानाइतका वायू. बिअरमध्ये आधीची साखर जवळजवळ संपलेली असते, त्यामुळे तिथे वरून घातलेल्या साखरेवरून दाबाचा हिशेब करता येतो. कोंबुचात मूळ साखरही शिल्लक असते आणि तीही बाटलीत आंबत राहते, म्हणून येथे हात आखडता ठेवावा. मी लिटरला ५ ते ६ ग्रॅमच्या वर जात नाही.

१६ लिटरसाठी ९० ग्रॅम साखर पाव लिटर पाण्यात उकळून पूर्ण गार करावी आणि हा पाक रिकाम्या बादलीत आधी ओतावा. मग त्यावर सायफनने कोंबुचा घ्यावा. सायफन तोंडाने ओढून सुरू करू नये. नळी उकळून गार केलेल्या पाण्याने भरावी, एक टोक बोटाने दाबून दुसरे भांड्यात सोडावे आणि पहिले पाणी वेगळ्या भांड्यात जाऊ द्यावे. नळीचे खालचे टोक बादलीच्या भिंतीलगत तिरके ठेवावे, म्हणजे येणारा द्रव गोल फिरतो आणि पाक मिसळत जातो. वरच्या भांड्यात गाळाच्या दोन बोटे वर पातळी आली की थांबावे. तो शेवटचा गढूळ भाग सोडून द्यावा. येथे लोभ केला, तर पुढचे सगळे व्यर्थ जाते.

पाक कोंबुचापेक्षा जड असतो आणि नीट ढवळला नाही तर तळाशी बसून राहतो. पहिल्या बाटल्या तोटीच्या वरच्या थरातून भरल्या जातात, आणि तळाचा गोड थर शेवटच्या बाटल्यांत जातो, मृत साठा काढणाऱ्याच्या बाटल्यांत तर हमखास जातो. म्हणून लांब दांड्याच्या स्वच्छ पळीने, फेस न आणता, तळापासून वर असे मिनिटभर ढवळावे. बिअरच्या बाबतीत द्रव खळखळवला तर हवेतला ऑक्सिजन मिसळून चवीला शिळेपणा येतो, म्हणून तिथे ही काळजी फार कडक असते. कोंबुचा तितका नाजूक नाही, तरी फेसाबरोबर आतला वायू निघून जातो, तेव्हा हळू हाताने ढवळणेच बरे.

आणखी एक जागा बहुतेकांच्या लक्षात येत नाही. तोटीच्या पोटात आणि आतल्या नळीत सर्वांत आधी शिरलेला द्रव म्हणजे जवळपास निव्वळ पाक असतो, आणि तो बादलीतल्या ढवळण्यात येत नाही. म्हणून पहिली बाटली लावण्याआधी तोटीतून एक पेलाभर द्रव काढावा, तो बादलीत परत ओतावा आणि पुन्हा एकदा ढवळावे.

भरणे आणि शेवटचे पाच लिटर

सुरुवातीला बादली सरळच ठेवावी. १६ लिटर म्हणजे १६ किलोंच्या वर वजन, ते फळीवर तिरपे ठेवले तर गुळगुळीत ग्रॅनाइटच्या ओट्यावरून घसरण्याचा धोका असतो. बादलीखाली रबराची चटई घालावी, तोटीची बाजू ओट्याच्या कडेबाहेर काढावी आणि बाटल्या भरण्यास सुरुवात करावी. निम्म्यावर आल्यावर तोटी बंद करून एकदा हलकेच ढवळावे.

साधारण ५ लिटर उरले की तोटी बंद करावी आणि मागच्या बाजूखाली ५ सेंटिमीटरची फळी हळूच सारावी. हे काम एकट्याने करण्याऐवजी घरातल्या दुसऱ्या माणसाला बादली धरायला सांगून करावे. तोटी थेंब-थेंब होऊ लागल्यावर घाईने बादली उचलून कलती करण्याची चूक करू नये. त्या हिसक्याने तळाशी जे काही थोडे बसलेले असते ते उठते, आणि पातळी हेलकावत असताना नळीचे तोंड उघडे पडून हवा शिरते. फळी एकदा बसली की पुन्हा तिला हात लावायचा नाही.

शेवटच्या लिटरमध्ये धारेचा वेग कमी करावा. द्रव वेगाने ओढला जात असेल तर नळीच्या तोंडावर भोवरा तयार होतो, मोरीत पाणी जाताना दिसतो तसाच, आणि बादलीत पाऊण सेंटिमीटर द्रव असतानाही त्या भोवऱ्यातून हवा आत जाते. तोटी अर्धी मिटली की भोवरा मिटतो. नळीतून गुरगुर ऐकू आली, तर हवा शिरल्याची ती खूण आहे. तोटी ताबडतोब बंद करावी, काही क्षण थांबावे आणि अगदी थोडी उघडून पाहावी. जोड घट्ट असेल तर धार बहुधा पुन्हा लागते.

एवढे करूनही पन्नास-शंभर मिलिलिटर आत राहतील. ते बादली उलटी करून काढता येतात, पण मी ते बाटलीत घालत नाही. ते पेल्यात ओतून पाहावे, प्रकाशासमोर धरावे आणि चाखावे. निवळ आणि बाकीच्या पेयाइतकेच गोड असेल, तर मिसळणे आणि निवळणे दोन्ही नीट झाले. स्पष्टपणे जास्त गोड लागले, तर शेवटच्या चार-पाच बाटल्यांकडे विशेष लक्ष द्यावे लागेल. हा पेला म्हणजे त्या खेपेची परीक्षा आहे, आणि मला ती बाटलीभर पेयापेक्षा मोलाची वाटते.

अर्धवट भरलेली शेवटची बाटली

१६ लिटर कधीच बाटल्यांत बरोबर बसत नाहीत, शेवटची बाटली अर्धी राहतेच. तिला बूच लावून इतरांबरोबर फसफसायला ठेवू नये, कारण रिकाम्या जागेत हवा फार राहते आणि पेय आंबटपणाकडे झुकते. ती स्वच्छ धुतलेल्या सोड्याच्या प्लास्टिक बाटलीत भरावी, बाटली दाबून आतली हवा घालवावी आणि तशीच झाकण घट्ट करावे. वायू तयार होऊ लागला की ती बाटली फुगून कडक होते, आणि काचेच्या बाटल्यांत काय चालले आहे ते न उघडता समजते. ती हाताला पूर्ण कडक लागली की सगळ्या बाटल्या फ्रिजमध्ये हलवाव्यात. मे महिन्यात आमच्याकडे याला एक ते दोन दिवस लागतात, जानेवारीत चार दिवसही लागतात.

काचेच्या बाटल्या फक्त दाब सोसणाऱ्या, जाड आणि गोल घ्याव्यात. शोभेच्या चौकोनी बाटल्या दाबाखाली फुटतात आणि काचा दूरवर उडतात. भरताना तोंडाशी दोन-तीन सेंटिमीटर जागा सोडावी. शेवटच्या चार बाटल्यांच्या गळ्याला चिकटपट्टी लावून त्यांवर क्रमांक लिहावेत, त्या फ्रिजमध्ये सर्वांत आधी ठेवाव्यात आणि सर्वांत आधी प्याव्यात. यीस्ट किंवा साखर जास्त गेलीच असेल, तर ती याच बाटल्यांत असते. बंद बाटलीत अल्कोहोलही थोडे वाढते, आणि भारतात ०.५ टक्क्यांपेक्षा जास्त अल्कोहोल असलेले पेय मद्यात मोडते, म्हणूनही बाटल्या बाहेर आठवडाभर ठेवू नयेत. लहान मुले, गरोदर स्त्रिया आणि प्रतिकारशक्ती कमी असलेले रुग्ण यांना घरचा कोंबुचा देऊ नये.

भरून झाल्यावर

बादली त्याच दिवशी धुवावी. आतली नळी तोटीवर तशीच ठेवून वरवर पाणी सोडणे पुरेसे नाही, कारण नळी जिथे आट्यांवर ताणलेली असते, त्या फटीत गोड द्रव राहतो आणि आठवड्याभरात तिथे काळी बुरशी धरते. क्लिप सोडून नळी उतरवावी, बाटली घासण्याच्या बारीक ब्रशने आतून घासावी, तोटीचा वॉशर काढून वेगळा धुवावा आणि सगळे भाग सुटेच वाळवावेत. जुलै-ऑगस्टमध्ये ठाण्याच्या हवेत नळी आडवी ठेवली तर ती आतून दोन-दोन दिवस ओली राहते. म्हणून ती दोरीवर उभी टांगावी, खालच्या टोकाशी थेंब दिसणे थांबेपर्यंत डब्यात बंद करू नये, आणि पुढच्या खेपेला बसवल्यावर पेय ओतण्याआधी दोन लिटर पाणी सोडून जोड हवा ओढतो का, ते पुन्हा पाहून घ्यावे.